मलेरियाचं रक्त पिऊनही काही डास मलेरिया का पसरवत नाहीत? डासाच्या पोटातल्या लढाईची गोष्ट

पावसाळा लागला की आमच्या नाशिकमधल्या सोसायटीत एक ठरलेला प्रसंग घडतो. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी येतात, गच्चीवर जातात, टाकीचं झाकण उचलतात आणि आत टॉर्च मारतात. गेल्या पावसाळ्यात मीही त्यांच्या मागोमाग जिना चढले. वापरात नसलेल्या एका सिमेंटच्या टाकीत वीतभर पाणी साचलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

"ही बघा ताई, पाण्यावर आडवी पडलीय ना? ही मलेरियावाली," कर्मचारी काका म्हणाले. "जी डोकं खाली करून लटकते, ती डेंग्यूवाली."

"म्हणजे ही मोठी होऊन मला चावली की मलेरिया होणारच?" मी विचारलं.

"असं कसं होईल? आधी हिला मलेरियाच्या पेशंटचं रक्त मिळायला पाहिजे."

काकांचं उत्तर बरोबर होतं. पण मग पुढचा प्रश्न पडतो. मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेली प्रत्येक मादी मलेरिया पसरवते का?

उत्तर आहे: नाही. आणि या 'नाही'मागचं एक मोठं कारण डासाच्या जनुकांमध्ये दडलं आहे. आपल्यासारखीच डासालाही रोगप्रतिकारशक्ती असते. ती सगळ्या डासांमध्ये सारखी नसते. याच फरकाचा वापर करून मलेरिया रोखता येईल का, यावर शास्त्रज्ञ काम करतायत. गंमत म्हणजे यातला एक प्रयोग ज्या डासावर झालाय, त्याचा महाराष्ट्राशी सव्वाशे वर्षांचा संबंध आहे.

सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी हे पक्कं करूया: कोणता डास, कोणता आजार?

डेंग्यू आणि चिकनगुनिया एडिस डासामुळे पसरतात. हत्तीरोग मुख्यतः क्युलेक्समुळे. मलेरिया, म्हणजेच सरकारी भाषेतला हिवताप, फक्त अ‍ॅनॉफिलीस डासामुळे. त्यातही चावते ती मादीच. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो.

मलेरिया हा ना विषाणूचा आजार आहे ना जिवाणूचा. तो प्लाझमोडियम नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. भारतात त्याच्या दोन जाती जास्त आढळतात, व्हायवॅक्स आणि फाल्सीपेरम. फाल्सीपेरम जास्त घातक.

आकडे बघितले की याचं गांभीर्य कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यातले बहुतांश मृत्यू आफ्रिकेतले आणि बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांचे.

डासाच्या पोटात नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं की डास म्हणजे इंजेक्शनची सुई. इकडून रक्त ओढलं, तिकडे टोचलं, झाला आजार. तसं नसतं. परजीवीला डासाच्या शरीरात एक लांबलचक प्रवास करावा लागतो.

रुग्णाच्या रक्ताबरोबर परजीवीची नर आणि मादी रूपं डासाच्या आतड्यात जातात. तिथे त्यांचं मीलन होतं. साधारण दिवसभरात त्यातून किड्यासारखं सरपटणारं एक रूप तयार होतं. त्याला ऊकिनीट म्हणतात. हे ऊकिनीट आतड्याच्या भिंतीतून आरपार शिरतं आणि बाहेरच्या बाजूला चिकटून गाठ बनवतं. या गाठीत पुढचे दहा-बारा दिवस परजीवीची संख्या वाढत राहते. मग गाठ फुटते आणि हजारो बारीक, सुईसारखी रूपं बाहेर पडून डासाच्या लाळग्रंथीत जाऊन बसतात. आता ती मादी धोकादायक झाली. यापुढे ती ज्याला चावेल, त्याच्या शरीरात लाळेबरोबर परजीवी जाणार.

या प्रवासात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली, वेळ. डासाचं आयुष्य मुळात काही आठवड्यांचं. परजीवी तयार होण्याआधीच मादी मेली, तर खेळ खलास. थंडीत परजीवीची वाढ आणखी मंदावते. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या आपण दर डिसेंबरात वाचतो. तशा हवेत परजीवीला डासाच्या शरीरात तयार व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात.

दुसरी, संख्या. आतड्याची भिंत ओलांडताना बहुतांश परजीवी मरतात. निसर्गात पकडलेल्या बाधित डासांच्या आतड्यावर साधारणपणे मोजक्या दोन-चार गाठीच दिसतात. म्हणजे मलेरियाच्या अख्ख्या जीवनचक्रात परजीवी सगळ्यात कमकुवत असतो तो इथे, डासाच्या आतड्याच्या भिंतीपाशी. आपल्या शरीरात त्याची संख्या अब्जांत जाते. डासाच्या पोटात तो बोटांवर मोजण्याइतका उरतो.

आणि नेमका इथेच त्याच्यावर हल्ला होतो.

टेप-१: डासाच्या शरीरातला पहारेकरी

डासाच्या शरीरात आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नसतात. एक द्रव सगळीकडे खेळत असतो. या द्रवात टेप-१ नावाचं एक प्रथिन असतं. आपल्या रक्तातही जंतूंवर चिकटून त्यांना 'मारा याला' अशी खूण करणारी प्रथिनं असतात. टेप-१ त्यांचाच दूरचा नातेवाईक म्हणा ना.

ऊकिनीट आतड्याच्या पेशी फोडून बाहेर येतं, तेव्हा त्या जखमी पेशी त्याच्यावर रासायनिक खुणा सोडतात. बाहेरच्या द्रवात टेप-१ तयारच असतं. इतर दोन प्रथिनांनी त्याला तोवर धरून ठेवलेलं असतं, म्हणजे ते भलत्याच ठिकाणी चिकटू नये. खूण असलेला परजीवी दिसला की टेप-१ त्याला जाऊन चिकटतं. मग परजीवी एक तर फुटून मरतो, नाहीतर त्याच्याभोवती काळं कवच तयार होऊन तो त्यात गाडला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली असे मेलेले परजीवी काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

या ठिपक्यांमुळेच शास्त्रज्ञांचं याकडे लक्ष गेलं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या अ‍ॅनॉफिलीस गॅम्बी या डासाचा एक खास वाण प्रयोगशाळेत निवडून वाढवला. त्यातले डास परजीवींना असंच काळ्या कवचात गाडत होते. जात तीच, पण काही डास परजीवीला आसरा देत होते आणि काही त्याला संपवत होते.

का? याचं उत्तर मिळायला बराच काळ गेला. २००४ मध्ये स्टेफनी ब्लांडिन, एलेना लेवाशिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टेप-१ बंद पाडलं तर हे प्रतिकारक डाससुद्धा परजीवींना गाडू शकत नाहीत. साध्या डासांत टेप-१ बंद केलं, तर गाठींची संख्या कित्येक पटींनी वाढते. २००९ मध्ये त्याच गटाने पुढचा दुवा जोडला. टेप-१ चं जनुक सगळ्या डासांमध्ये असतं, पण त्याची रूपं वेगवेगळी असतात. काही रूपं परजीवीविरुद्ध जोरात काम करतात, काही ढिली पडतात. त्या प्रयोगातल्या डासांमधला फरक मुख्यतः याच जनुकाच्या रूपांमुळे होता.

रक्तगटाचं उदाहरण घ्या. रक्तगट ठरवणारं जनुक आपल्या सगळ्यांमध्ये आहे, पण कुणाचा ए, कुणाचा बी, कुणाचा ओ. तसंच हे.

मग सगळेच डास प्रतिकारक का झाले नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. परजीवीला मारणारं रूप इतकं चांगलं असेल, तर लाखो वर्षांत ते सगळ्या डासांमध्ये पसरायला हवं होतं. तसं झालं नाही. त्याची कारणं तीन.

एक, डासाला मलेरियाचा आपल्याइतका त्रास होत नाही. आपल्याला थंडी वाजून ताप येतो, जीव जाऊ शकतो. डासाचं परजीवीमुळे होणारं नुकसान त्या मानाने कमी असतं. शिवाय निसर्गातल्या बहुसंख्य माद्यांच्या पोटात मलेरियाचा परजीवी कधी जातच नाही. त्यामुळे त्याच्याविरुद्धचं हत्यार परजून ठेवायची डासाला तेवढी गरज नसते. डासाची प्रतिकारशक्ती डासासाठी आहे. ती आपल्याला वाचवण्यासाठी बनलेली नाही.

दोन, प्रतिकाराची किंमत असते. टेप-१ फक्त परजीवीच मारत नाही. २०१५ मध्ये ज्युलियन पोम्पॉ आणि लेवाशिना यांनी दाखवलं की नर डासांमध्ये हेच प्रथिन खराब झालेले शुक्राणू साफ करतं आणि नराची प्रजननक्षमता टिकवतं. हे साफसफाईचं काम टेप-१ ची सगळी रूपं सारख्याच जोमाने करत नाहीत. म्हणजे लढाईत भारी असलेलं रूप संसारातही भारी पडेलच असं नाही. निसर्ग दोन्हीकडचा हिशोब बघतो.

तीन, परजीवीही गप्प बसलेला नाही.

परजीवीचा पलटवार

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पश्चिम आफ्रिकेतल्या काही भागांत डासांच्या एका गटात टेप-१ चं प्रतिकारक रूप जवळपास सगळ्यांमध्ये पसरलं आहे. त्याच भागात राहणाऱ्या शेजारच्या दुसऱ्या गटात मात्र ते नाही. वाटेल की पहिल्या गटाचे डास मलेरिया पसरवत नसतील. पण तसं नाही. तेही फाल्सीपेरमचे पक्के वाहक आहेत.

हे कोडं २०१३ मध्ये बरंचसं सुटलं. अमेरिकेतल्या कॅरोलिना बारियास-म्युरी यांच्या गटाने फाल्सीपेरमच्या अंगावरचं पीएफएस-४७ नावाचं एक प्रथिन शोधलं. हे प्रथिन असलेला परजीवी आतड्याच्या पेशींमधून जातो, पण त्या पेशींना धोक्याची घंटा वाजवूच देत नाही. घंटा नाही, त्यामुळे खूण नाही. खूण नाही, म्हणून टेप-१ त्याला ओळखतच नाही. चोर पहारेकऱ्याच्या समोरून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

पीएफएस-४७ चीही अनेक रूपं आहेत. आफ्रिकेतल्या परजीवीचं रूप आफ्रिकेतल्या डासांना फसवतं. पण तोच परजीवी अमेरिका खंडातल्या एका वेगळ्या अ‍ॅनॉफिलीस डासात सोडला, तर बहुतेक मरतो. शास्त्रज्ञ याला कुलूप-किल्लीचं नातं म्हणतात. ज्या प्रदेशातलं कुलूप, त्याच प्रदेशातली किल्ली त्याला लागते.

म्हणूनच 'डास मलेरिया पसरवतात' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या भागातला डास, त्याची कोणती रूपं आणि कोणत्या भागातला परजीवी, या जोडीवर सगळं अवलंबून असतं.

आपल्याकडच्या डासांमध्येही असा फरक आहे का?

हो, आणि तो खेड्यापाड्यांतल्या मलेरियाशी थेट जोडलेला आहे.

ग्रामीण भारतात मलेरियाचा मुख्य वाहक अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस. भातखाचरं, ओढे, कालवे, खड्ड्यांतलं साचलेलं पाणी ही त्याची ठिकाणं. दिवसा हा डास गोठ्यात आणि घरात भिंतींवर बसलेला सापडतो. दिसायला सगळे एकसारखे. पण शास्त्रज्ञांनी गुणसूत्रं तपासली तेव्हा कळलं की ही एक जात नाही, पाच भावंडं आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. ई तर रामेश्वरम बेटावर सापडली.

या पाचांपैकी बी ही मलेरियाची अगदीच कमजोर वाहक समजली जाते. बाकीच्या वाहक आहेत, त्यातही ई फार घातक. यामागे सवयींचा वाटा आहे. बी ला माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त आवडतं. पण फक्त सवय नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत या जातींना परजीवी असलेलं रक्त पाजून पाहिलं, तेव्हा बी मध्ये परजीवीची वाढ इतरांपेक्षा कमी झाली. ए आणि बी यांच्या रोगप्रतिकारक जनुकांच्या कामातही फरक सापडले.

याचा व्यवहारात अर्थ काय? एखाद्या गावात क्युलिसिफेसीस भरपूर सापडले म्हणजे तिथे मलेरियाचा धोका तेवढाच मोठा, असं नाही. नुसते डास मोजून भागत नाही. भावंडांपैकी कोण आहे, हेही बघावं लागतं.

अचलपूरचा डास, जो आफ्रिकेत पोहोचला

शहरांतला वाहक वेगळा. त्याचं नाव अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. आणि आता महाराष्ट्राचा संबंध येतो.

विल्यम ग्लेन लिस्टन हे ब्रिटिश काळातले लष्करी डॉक्टर. त्यांची नेमणूक वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला होती. तिथे वर्षभर डासांचं निरीक्षण करून त्यांनी १९०१ मध्ये लेख लिहिला. अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याच वर्षी लिस्टन यांनीच केलं. म्हणून आजही शास्त्रीय लिखाणात या डासाच्या नावापुढे त्यांचं नाव लागतं.

हा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, बांधकामावर साठवलेलं पाणी. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला. त्यात शहरातल्या विहिरी आणि त्यातल्या या डासाकडे त्यांनी बोट दाखवलं. मग विहिरी बुजवायची आणि झाकायची मोहीम सुरू झाली. त्यावर बरीच नाराजीही झाली, कारण पारशी आणि हिंदू घरांमध्ये अनेक विहिरींना धार्मिक महत्त्व होतं. पुढे मुंबई महापालिकेत अधिकारी असलेल्या रुस्तम मसानी यांनी विहिरींबद्दलच्या लोकश्रद्धांवर पुस्तकच लिहिलं. ते १९१८ मध्ये आलं. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

गेल्या काही वर्षांत हाच डास जगाची डोकेदुखी झालाय. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूती या छोट्या देशात सापडला. तिथे मलेरिया जवळपास संपत आला होता. त्या वर्षी नोंदले गेलेले रुग्ण ३० सुद्धा नव्हते. २०२० पर्यंत वर्षाची संख्या ७० हजारांच्या वर गेली. त्यानंतर इथिओपिया आणि इतर देशांतही हा डास आढळला. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांतला समजला जायचा. स्टीफेन्सीमुळे तो शहरांत शिरायची भीती आहे.

२०२५ चा प्रयोग: जनुकात एक बदल

जुलै २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान पत्रिकेत एक संशोधन आलं. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले इथन बायर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले जॉर्ज डिमोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीफेन्सी डासावरच हे काम केलं होतं.

त्यांनी निवडलं ते फ्रेप-१ नावाचं प्रथिन. डासाच्या रोगप्रतिकारक प्रथिनांच्या ज्या कुळातलं हे आहे, त्यातली काही मंडळी परजीवीशी लढतात. फ्रेप-१ मात्र उलट फितूर होतं. आतड्याची भिंत ओलांडताना परजीवी याच प्रथिनाचा आधार घेतो.

मग फ्रेप-१ काढूनच टाकायचं का? ते आधी करून पाहिलं होतं. मलेरिया कमी झाला, पण डास अशक्त झाले. अशक्त डास निसर्गात टिकत नाहीत, त्यामुळे उपयोग शून्य.

या वेळी त्यांनी जनुक काढलं नाही, त्यातला फक्त एक बदल केला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. फ्रेप-१ च्या माळेतला २२४ वा मणी नेहमी ल्युसीन असतो. तिथे त्यांनी ग्लुटामाइन बसवलं. हे ग्लुटामाइनवालं रूप माणसाने शोधून काढलेलं नाही. ते निसर्गात काही डासांमध्ये आढळतं. परिणाम? माणसाचा आणि उंदराचा, दोन्ही प्रकारचे मलेरिया परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचण्याचं प्रमाण खूप घटलं. आणि डासाच्या आयुष्यावर किंवा अंडी घालण्यावर लक्षात येण्यासारखा परिणाम झाला नाही.

पुढचा प्रश्न, हा बदल पसरवायचा कसा? साध्या वारशात आईकडून निम्मं आणि वडिलांकडून निम्मं येतं, त्यामुळे एखादं रूप सगळीकडे पसरायला फार पिढ्या लागतात. म्हणून त्यांनी क्रिस्पर हे जनुक कापायचं तंत्र वापरलं. डासात जुनं रूप दिसलं की ते कापायचं आणि त्या जागी नवं रूप येईल अशी व्यवस्था केली. अशा युक्तीला जीन ड्राइव्ह म्हणतात. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात नव्या रूपाचं प्रमाण २५ टक्क्यांवरून दहा पिढ्यांत ९० टक्क्यांच्या वर गेलं.

इथे एक गैरसमज टाळूया. या उपायात डास मरत नाहीत. ते उडत राहतील, गुणगुणत राहतील, चावतही राहतील. फक्त त्यांच्या चाव्यातून मलेरिया जाण्याची शक्यता कमी होईल. डेंग्यूवर याचा काहीही परिणाम नाही, कारण तो डासच वेगळा.

मग सोडायचे का असे डास?

अजून तरी हे काम पिंजऱ्यातलंच आहे. आणि वैज्ञानिक शंका आहेत. परजीवीने टेप-१ ला फसवायला किल्ली शोधली, तशी तो फ्रेप-१ च्या नव्या रूपालाही शोधणार नाही कशावरून? आपल्याला याचा अनुभव आहे. डीडीटीच्या फवारणीमुळे भारतातले मलेरियाचे रुग्ण १९६५ पर्यंत वर्षाला लाखभरावर आले होते. मग डास डीडीटीला सरावले, फवारणी ढिली पडली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. जनुकांतली विविधता डासाच्याही उपयोगी पडते.

दुसरं, एकदा सोडलेला जीन ड्राइव्ह परत बोलावता येत नाही. डास तालुक्याची हद्द बघून उडत नाही.

तिसरी गोष्ट लोकांच्या विश्वासाची. भारतात डासांच्या जनुकीय नियंत्रणावर जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांनी मिळून १९६९ मध्ये दिल्लीत काम सुरू केलं होतं. सोनिपतला वांझ केलेले एडिस डास सोडायची तयारी झाली. पण यामागे जैविक युद्धाचा डाव आहे, असा संशय वृत्तपत्रांत आणि संसदेत व्यक्त झाला आणि १९७५ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. लोकांना वेळीच नीट सांगितलं गेलं नाही, हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं.

महाराष्ट्रातही अशी चाचणी झाली आहे. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळच्या दावलवाडीत २०१७ मध्ये जीबीआयटी आणि ऑक्सिटेक या कंपन्यांनी जनुक बदललेल्या एडिस डासांची चाचणी बंदिस्त पिंजऱ्यांत सुरू केली होती. तो डेंग्यूचा डास होता आणि तंत्रही वेगळं होतं, त्यात पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात. जनुक बदललेले डास भारतात उघड्यावर सोडले गेलेले नाहीत.

उद्या मलेरियासाठी असा प्रस्ताव आला, तर प्रश्न फक्त प्रयोगशाळेचा राहणार नाही. मुंबईच्या विहिरी आठवा. डास कुठे वाढतो हे शास्त्राला कळलं होतं, तरी विहीर कुणाची आणि ती बुजवायचं कुणी ठरवायचं, हा वाद लोकांमध्येच झाला. इथेही कुणाला विचारायचं? महापालिकेला? ग्रामसभेला? शेजारच्या राज्याला? हे ठरवताना आपल्याला 'जनुक बदललेला डास' या शब्दांनी घाबरून चालणार नाही आणि भारावूनही चालणार नाही. तो डास नेमकं काय करतो, हे माहीत असायला हवं.

तोपर्यंत काय?

२०२७ पर्यंत देशातला स्थानिक संसर्ग शून्यावर आणायचा आणि २०३० पर्यंत मलेरिया संपवायचा, असं भारताचं उद्दिष्ट आहे. २०२७ मध्येच नाशिकला सिंहस्थ आहे. म्हणजे बांधकामं, साठवलेलं पाणी आणि देशभरातून येणारी माणसं, सगळं एकाच वेळी. बाहेरून येणाऱ्या कुणाच्या रक्तात परजीवी असू शकतो आणि इथल्या टाकीत डास. दोघांची गाठ पडू न देणं, एवढंच आपल्या हातात आहे.

त्यासाठी करायच्या गोष्टी जुन्याच आहेत:

• टाकीचं झाकण घट्ट बसवा. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी किंवा कापड बांधा.
• आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात.
• बांधकामावरच्या हौदात आणि न वापरल्या जाणाऱ्या विहिरीत गप्पी मासे सोडा.
• थंडी वाजून ताप आला, तर मनाने गोळ्या घेऊ नका. आधी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. मलेरिया निघाला, तर औषधांचा कोर्स अर्धवट सोडू नका. व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उलटतो.

शेवटचा मुद्दा फक्त तुमच्या तब्येतीचा नाही. वेळेवर औषध घेतलेल्या माणसाला चावणाऱ्या डासाच्या पोटात परजीवी जातच नाही. मग त्या डासाकडे टेप-१ चं कोणतं रूप आहे, याने काही फरक पडत नाही.

आमच्या गच्चीवरची ती सिमेंटची टाकी काकांनी त्याच दिवशी आडवी करायला लावली. पाणी वाहून गेलं, अळ्या उन्हात सुकल्या. या पावसाळ्यात तुमच्याकडे असे कुणी टॉर्च घेऊन आले, तर दारातूनच परत पाठवू नका. त्यांच्याबरोबर एकदा गच्चीवर जाऊन या.